फोटो काढणे आणि काढून घेणे

मराठी माणूस फोटो काढतो. तो काटा काढतो, कर्ज काढतो, विहिरीतून पाणी काढतो आणि दारापुढे रांगोळीही काढतो. पाणी विहिरीत आधीपासून असते, ते फक्त वर आणायचे असते; रांगोळी मात्र काढेपर्यंत कुठेच नसते. असलेले बाहेर आणणे आणि नसलेले घडवणे ही दोन्ही कामे आपल्या भाषेने एकाच क्रियापदावर सोपवली आहेत. फोटो यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतो, हा छायाचित्रणाच्या विचारातला जुना वाद आहे आणि मराठीने तो न सोडवता तसाच राहू दिला आहे. आधीच्या पिढ्या फोटो 'उतरवीत'. पुढे वृत्तपत्रांनी 'टिपणे' रूढ केले. पाखराने दाणा टिपावा तसा क्षण टिपायचा. अलीकडे तर दृश्ये सर्रास 'कॅमेऱ्यात कैद' होतात.

ही सगळी क्रियापदे कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाची आहेत. कॅमेऱ्यापुढच्या माणसासाठीही मराठीत एक प्रयोग आहे, तो म्हणजे 'फोटो काढून घेणे'. लग्न ठरवायच्या वेळी मुलीचा फोटो काढून घेतात, नोकरीच्या अर्जासाठी काढून घेतात, म्हातारपणी एकदा जोडीने काढून घेतात. यात फोटो काढणारा निमित्तमात्र असतो. इच्छा, तयारी आणि मालकी पुढे बसलेल्या माणसाची असते. पण याच जोडक्रियापदाला दुसरा अर्थही आहे. सावकार जमीन काढून घेतो, मोठा भाऊ धाकट्याच्या हातातले खेळणे काढून घेतो. 'मी त्याच्याकडून फोटो काढून घेतला' हे वाक्य एकटे वाचले, तर मी त्याला माझा फोटो काढायला लावले की त्याच्या हातातला फोटो हिसकावला, हे कळायला मार्ग नाही.

गेल्या तीन-चार दशकांत भारतीय छायाचित्रणात जे बदलले, ते समजून घेताना मला या संदिग्धतेचा फार उपयोग झाला. कॅमेरे बदलले, फिल्म जाऊन डिजिटल आले, हे बदल डोळ्यांना दिसणारे आहेत. त्यांहून खोलवरचा बदल नात्यातला आहे. फोटो कोण काढतो, कोणाचा काढतो आणि त्या प्रतिमेवर हक्क कोणाचा, हे प्रश्न आज कलाकृतीच्या आत आले आहेत. या लेखात मी प्रामुख्याने गौरी गिल यांच्या कामाच्या आधारे हा बदल मांडणार आहे. त्यांची दोन महत्त्वाची कामे महाराष्ट्रात, डहाणू आणि जव्हार या तालुक्यांत झाली. जगभरच्या संग्रहालयांत ती पाहिली गेली, पण मराठीत त्यांच्याविषयी फार कमी बोलले गेले.

नाव नसलेले चेहरे

छायाचित्रणाची कला भारतात फार लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे भारतीय तिच्या आरंभीच्या मंडळींत होते. पण कॅमेऱ्याचा मोठा आणि पद्धतशीर वापर झाला तो राज्यकर्त्यांच्या कामासाठी. विल्यम जॉन्सन याने १८६० च्या दशकात मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांतला १८६६ चा दुसरा खंड महाराष्ट्राला वाहिलेला होता. त्यातल्या कित्येक चित्रांत माणसे एका ठिकाणी उभी करून त्यांचे फोटो काढले आणि मागचे देऊळ किंवा वाडा वेगळ्या फोटोतून आणून जोडला. माणूस खरा, जागाही खरी, पण दोघांची गाठ कागदावरच पडलेली.

याहून मोठा प्रकल्प म्हणजे 'द पीपल ऑफ इंडिया'. १८६८ ते १८७५ या काळात त्याचे आठ खंड निघाले आणि त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे होती. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख पटवून घ्यायची होती, हे त्यामागचे एक मोठे कारण. प्रत्येक चित्राखाली त्या जमातीचा स्वभाव, धंदा आणि निष्ठा यांविषयी ठाम शेरे होते. सय्यद अहमद खान यांनी १८६९ मध्ये लंडनमुक्कामी हे पुस्तक पाहिले आणि आपल्या देशबांधवांना असे मांडलेले बघून ते अतिशय व्यथित झाले. या चित्रांतल्या बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. नाव लिहिण्याची गरजच नव्हती, कारण चित्र व्यक्तीचे नव्हते, नमुन्याचे होते.

नमुन्याची ही सवय साम्राज्याबरोबर संपली नाही आणि ती फक्त इथलीही नव्हती. डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात एका स्थलांतरित मजूर स्त्रीचा फोटो काढला. 'मायग्रंट मदर' या नावाने तो अमेरिकी मंदीचा चेहरा बनला. त्या स्त्रीचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला कळायला १९७८ साल उजाडले आणि तेव्हा तिची तक्रार होती की, या चित्रातून आपल्याला काहीच मिळाले नाही. स्टीव्ह मॅक्करी यांनी १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या मुलीचा फोटो काढला; पुढच्या वर्षी तो 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर आला. शरबत गुला हे तिचे नाव २००२ मध्ये समजले. दोन्ही छायाचित्रे श्रेष्ठ आहेत आणि दोन्हींनी जगाची सहानुभूती जागवली. तरीही ज्यांच्या चेहऱ्यांनी ती जागवली, त्यांना त्या चेहऱ्यांच्या प्रवासात काही सांगायला वाव नव्हता.

पडद्यापुढे बसलेली माणसे

हे चालू असताना गावोगावच्या स्टुडिओंत वेगळेच काही घडत होते. आमच्या घरात आजोबांचा एक स्टुडिओतला फोटो आहे. मागे रंगवलेला जिना आणि कुंड्या, शेजारच्या तिपाईवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. आजोबांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. ते पुस्तक स्टुडिओचे, बहुधा कोटही स्टुडिओचाच; पण त्यावर हात ठेवून बसण्याचा निर्णय आजोबांचा. त्या फोटोला खोटा म्हणायला मी तयार नाही. आपण कसे दिसावे याविषयी एका माणसाचे म्हणणे त्यात नोंदले गेले आहे.

ख्रिस्तोफर पिनी या मानववंशशास्त्रज्ञाने 'कॅमेरा इंडिका' (१९९७) या पुस्तकात नेमका हाच मुद्दा धरला. मध्य प्रदेशातल्या नागदा या कारखान्यांच्या गावी सुरेश पंजाबी यांच्या सुहाग स्टुडिओत लोक कसे फोटो काढून घेत, याचा त्यांनी अभ्यास केला. कोणी काळा चष्मा लावून, कोणी टेलिफोन कानाला लावून, कोणी सिनेमातल्या नायकाच्या ढंगात उभा राहून. आपण आहोत तसे दिसणे हा त्यांचा हेतू नव्हता; आपण आहोत त्याहून चांगले 'यावे' हा होता. मराठीतही आपण असेच म्हणतो की, फोटो छान आला, तू यात चांगली आलीस. जणू माणूस कुठून तरी चालत फोटोत येतो आणि येताना काही घेऊन येतो.

म्हणजे आपल्याकडे छायाचित्रणाचे दोन प्रवाह होते. एका प्रवाहात परक्याचा फोटो काढला जाई, दुसऱ्यात आपला काढून घेतला जाई. पहिला प्रवाह संग्रहालयांत, ग्रंथांत आणि वृत्तपत्रांत गेला. दुसरा भिंतीवरच्या चौकटीत आणि ट्रंकेत राहिला. पहिल्याला कला आणि दस्तऐवज म्हटले गेले, दुसऱ्याला धंदा. आजच्या काही महत्त्वाच्या कलाकारांनी दुसऱ्या प्रवाहाचा शहाणपणा पहिल्यात आणला, असे माझे म्हणणे आहे.

मोना अहमद यांचा रोल

दयानिता सिंग (जन्म १९६१) यांचा एक अनुभव या दृष्टीने फार बोलका आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये शिकून त्या वृत्तछायाचित्रण करीत होत्या. १९८९ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी दिल्लीतल्या हिजडा समाजाचे फोटो काढायला त्या गेल्या आणि तिथे त्यांची मोना अहमद यांच्याशी गाठ पडली. फोटो निघाले. मग मोनांना कळले की ते इंग्लंडमध्ये छापले जाणार आहेत. तिथे त्यांचे नातेवाईक होते. त्यांनी रोल परत मागितला आणि दयानितांनी तो देऊन टाकला.

व्यवसायाच्या हिशेबात हा तोटा होता. पण त्या दिवसापासून सुरू झालेले नाते मोनांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २०१७ पर्यंत टिकले. पुढे मोनांनीच त्यांना आपल्या दत्तक मुलीच्या वाढदिवसाचे फोटो काढायला बोलावले. यातून २००१ साली 'मायसेल्फ मोना अहमद' हे पुस्तक झाले. त्यातला मजकूर म्हणजे मोनांनी प्रकाशकाला इ-मेलने पाठवलेली पत्रे. शीर्षकातला 'मी' छायाचित्रकाराचा नाही, मोनांचा आहे. हिजडा समाजावरचे पुस्तक करण्याचा बेत अशा रीतीने एका माणसाच्या आत्मकथनात बदलला.

रोल परत देण्याच्या या कृतीत 'काढून घेणे'चे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. मोनांनी आधी आपली प्रतिमा काढून घेतली, हिरावून घेतल्यासारखी. आणि नंतर स्वतःच्या अटींवर आपले फोटो काढून घेतले. पहिले करता आले म्हणूनच दुसरे शक्य झाले. नकार देण्याची सोय नसेल तर होकाराला फारसा अर्थ उरत नाही.

लूणकरणसरचा तंबू

गौरी गिल (जन्म १९७०) याही वृत्त-नियतकालिकात काम करीत होत्या. १९९९ मध्ये त्या पश्चिम राजस्थानातल्या गावांत जाऊ लागल्या आणि तिथले फोटो काढणे त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ चालू ठेवले. 'नोट्स फ्रॉम द डेझर्ट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कामाला २०२३ चा प्री पिक्ते हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वाळवंटाचे देखणे रंग, फेटे आणि उंट यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या प्रदेशात त्यांनी कृष्णधवल फिल्म वापरली. पर्यटनाच्या जाहिरातींनी ज्या रंगांत राजस्थान बुडवून ठेवले आहे, ते रंगच काढून टाकले की माणसे, भांडणे, आजारपणे आणि शाळा दिसू लागतात. एका दाईने त्यांना बाळंतपणाचे फोटो काढायला बोलावले आणि त्यातून आठ छायाचित्रांची एक मालिका झाली. बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराला अशा वेळी घरात घेतले जाते, ते त्यामागे काही वर्षांची ये-जा असते म्हणून.

या कामातला एक भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. बिकानेर जिल्ह्यातल्या लूणकरणसर येथे २००३ साली उरमूल सेतू संस्थान या संस्थेने किशोरवयीन मुलींसाठी 'बालिका मेळा' भरवला. आसपासच्या गावांतून सुमारे दीड हजार मुली आल्या. गिल यांनी मेळ्यात फोटोचा तंबू उभारला, थोडे साहित्य ठेवले आणि ज्या मुलीला वाटेल तिने यावे, हवे तसे बसावे, हवा असेल तर नंतर छापील फोटो सवलतीच्या दरात घ्यावा, अशी व्यवस्था केली.

म्हणजे कलाकाराने जत्रेतल्या फोटोवाल्याची जागा घेतली. मुली जोडीने आल्या, मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहिल्या, काहींनी कागदाच्या टोप्या आणि मुखवटे घातले. त्या काळी त्या भागात मुलीने एकटीने, वडिलधाऱ्यांशिवाय, लग्नाच्या कारणाशिवाय फोटो काढून घेणे ही रोजची गोष्ट नव्हती. त्यामुळे त्या उभे राहण्यात एक ताठा दिसतो. कॅमेऱ्याकडे रोखून बघणाऱ्या या मुली पाहिल्या की 'पीपल ऑफ इंडिया'तले चेहरे आठवतात. साधा पडदा, समोरून घेतलेला फोटो, पूर्ण आकृती, अशी मांडणी बरीचशी सारखीच आहे. फरक एवढाच, की इथे माणूस रांगेत उभा राहून आपल्या मर्जीने आला आहे आणि हा फरक चेहऱ्यावर वाचता येतो.

गंजाड: एका चित्रात दोन हात

२०१३ मध्ये गिल डहाणू तालुक्यातल्या गंजाड गावी आल्या आणि वारली चित्रकार राजेश वांगड यांच्या घरी राहिल्या. वांगड त्यांना परिसरातून हिंडवत, ठिकाणे दाखवत, त्या ठिकाणांच्या गोष्टी सांगत. इथे अमुक देव, तिथे पूर्वी जंगल होते, या बाजूला असे असे घडले. गिल त्या जागांचे, त्यात उभ्या असलेल्या वांगडांचे फोटो काढत. फोटो छापून आल्यावर अडचण लक्षात आली. वांगड ज्याविषयी बोलत होते, त्यातले जवळजवळ काहीच कागदावर नव्हते. एक टेकडी, एक वाट, मोकळे आभाळ आणि पाठमोरा माणूस.

ही अडचण तांत्रिक आहे आणि तात्त्विकही. कॅमेऱ्याला एकच डोळा असतो आणि एकच क्षण असतो. तो एका जागी उभा राहून त्या घडीला समोर जे आहे तेवढेच पाहतो. वारली चित्राची रीत याच्या उलट आहे. तिथे एका चौकटीत पेरणी, लग्न, शिकार आणि मृत्यू शेजारीशेजारी असतात. जवळचे मोठे आणि दूरचे लहान हा नियम तिला बांधत नाही. काल आणि आज एकाच वेळी हजर असतात. तेव्हा दोघांनी ठरवले की वांगड यांनी त्या कृष्णधवल छायाचित्रांवरच शाईने चित्र काढायचे. रिकाम्या आभाळात देव आले, ओसाड उतारावर पूर्वीचे जंगल आले, पूर आला, दुष्काळ आला, वाढत चाललेले शहर आणि त्याच्या इमारती आल्या. 'फील्ड्स ऑफ साइट' या मालिकेतल्या कलाकृतींवर गौरी गिल आणि राजेश वांगड अशी दोन्ही नावे असतात.

वांगड यांची रेघ फोटोतल्या झाडापाशी येते, काही ठिकाणी त्याला वळसा घालते आणि काही ठिकाणी त्याचाच भाग होते. हा नुसता अलंकार नाही. फोटोने 'इथे काही नाही' अशी साक्ष दिली होती. चित्रकाराने ती खोडून काढली आहे. आदिवासी भागांतली जमीन धरणासाठी, कारखान्यासाठी, रस्त्यासाठी घेताना ती मोकळी किंवा पडीक असल्याचे सांगितले जाते, हे आपण जाणतो. नकाशाला आणि छायाचित्राला न दिसणारी वस्ती, स्मृती आणि दैवते या चित्रांत पुराव्यासारखी उभी राहतात.

जव्हारची सोंगे

गंजाडहून फार दूर नसलेल्या जव्हार, मोखाडा भागात बोहाडा होतो. उन्हाळ्याच्या तोंडी, रात्री, वाद्यांच्या गजरात देवादानवांची सोंगे नाचवली जातात. सोंग हा शब्द आपण नागर मराठीत हलका करून टाकला आहे; सोंग म्हणजे ढोंग, असे आपल्याला वाटते. बोहाड्यातले सोंग म्हणजे अंगावर घेतलेले दैवत. मुखवटा चढला की तो माणूस तेवढ्या वेळापुरता देव असतो आणि लोक त्याच भावाने त्याला हात जोडतात. हे मुखवटे कागदाच्या लगद्यापासून घडवणारे कसबी कारागीर जव्हार भागात आहेत. त्यांतल्या धर्मा कडू यांचे पुत्र सुभाष आणि भगवान धर्मा कडू यांच्याकडे गिल गेल्या. २०१५ पासून 'ॲक्ट्स ऑफ ॲपिअरन्स' ही मालिका सुरू झाली.

गिल यांची विनंती अशी होती की, देवादिकांचे नेहमीचे मुखवटे नकोत, तुमच्या आजच्या जगण्यातले करा. निरनिराळ्या वयांचे, निरनिराळ्या भावांचे चेहरे, शिवाय पशुपक्षी आणि जवळच्या वस्तू. कडू बंधूंनी, त्यांच्या घरच्यांनी आणि गावातल्या इतर कोकणा, वारली मंडळींनी मुखवटे घडवले आणि ते घालून गावातल्याच लोकांनी गावातल्याच जागी रोजच्या जगण्यातले प्रसंग उभे केले. छायाचित्रे रंगीत आहेत. वातावरण अगदी ओळखीचे, पालघर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावातले. माणसांच्या धडावर मात्र रंगवलेली, मोठाल्या डोळ्यांची डोकी. पाहणारा आधी हसतो. मग त्याच्या लक्षात येते की यात विनोदापेक्षा वेगळे काही चालले आहे.

ते वेगळे काय, हे समजायला मराठी वाचक इतरांपेक्षा जास्त लायक आहे. कारण जव्हार म्हटले की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे एकच छायाचित्र येते. १९९२ मध्ये वावर-वांगणीचे बालमृत्यू गाजले, तेव्हापासून वृत्तपत्रांतले जव्हार आणि मोखाडा म्हणजे खपाटीला गेलेले पोट आणि मोठे डोळे. त्या बातम्या खऱ्या होत्या, छापणे आवश्यकही होते. पण तीसेक वर्षे एका प्रदेशाचा एकच चेहरा छापला गेला, की तिथल्या माणसाला दुसरा चेहराच उरत नाही. 'पीपल ऑफ इंडिया'त तो जमातीचा नमुना होता, आता कुपोषणाचा नमुना झाला.

अशा वेळी चेहऱ्यावर मुखवटा चढवणे ही लपण्याची कृती राहत नाही. ज्या चेहऱ्यावरून आपण इतकी वर्षे अनुमाने काढली, तो चेहरा आपल्याला दिसणार नाही. जे दिसेल ते त्या माणसांनी स्वतःच्या हातांनी घडवलेले, रंगवलेले आणि निवडलेले असेल. आजोबांनी पुस्तकावर हात ठेवला तसेच. ज्या समाजात सोंग घेणे ही गंभीर आणि पवित्र गोष्ट आहे, त्या समाजाने कॅमेऱ्यापुढे घेतलेले हे सोंग आहे. ते २०१७ मध्ये अथेन्स आणि कासेल येथील डॉक्युमेंटा या महाप्रदर्शनात आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ मध्ये पोहोचले.

पैशाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. तेव्हा तो प्रश्नही विचारला पाहिजे. न्यूयॉर्कमधले प्रदर्शन गौरी गिल यांच्या नावाचे होते. मुखवटे करणाऱ्यांची नावे मालिकेच्या निवेदनात येतात आणि 'फील्ड्स ऑफ साइट'वर दोघांच्या सह्या असतात. पण कलाबाजार जे नाव ओळखतो, ते शहरातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या कलाकाराचे असते. कल्पना तिची, कॅमेरा तिचा, निवडही अखेर तिचीच. मग हे सहकार्य म्हणायचे की जुन्याच व्यवहाराला दिलेले गोड नाव?

याचे सरळ उत्तर मला सापडत नाही, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्याशा वाटतात. पहिली अशी की, नाव नसणे म्हणजे नेहमीच अन्याय असे नाही. लग्नघरी चौक लिहिणाऱ्या वारली सवाशिणींनी कधी भिंतीवर सही केली नाही. ते चित्र त्यांचे एकटीचे नव्हतेच. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद नेला, वारली चित्र भिंतीवरून कागदावर आले आणि विकले जाऊ लागले, तेव्हा सहीचा प्रश्न निर्माण झाला. जिव्या सोमा मशे हे नाव त्यातून जगाला कळले; भिंतीवर लिहिणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावे मात्र मागेच राहिली. वस्तू बाजारात गेली की नाव हे हक्काचे साधन होते, आणि छायाचित्र तर जन्मतःच बाजारात जाण्याजोगी वस्तू आहे.

दुसरी गोष्ट अशी की, विचारून, थांबून, वर्षानुवर्षे जाऊन फोटो काढणे प्रत्येक वेळी शक्य नसते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचा मातीने वेढलेला चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. त्या बालकाला कोण विचारणार होते? आणि ती छायाचित्रे नसती, तर त्या गुन्ह्याची आठवण जगाच्या मनात इतकी टिकली असती का? मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी १९९९-२००० च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काम आणि जगणे कृष्णधवल छायाचित्रांत मांडले. शहर ज्यांच्याकडे पाहत नव्हते, त्यांच्याकडे त्याला पाहायला लावणारी ती चित्रे आहेत. साक्ष देण्याचे हे काम संपलेले नाही. ओलवे यांच्याकडे पाहताना एवढे मात्र जाणवते की, साक्षीदार जितका जवळचा तितका चेहरा नमुना होण्यापासून वाचतो.

कॅमेरा कोणाच्या हाती

याची पुढची पायरी आता दिसू लागली आहे. दयानिता सिंग यांना २०२२ मध्ये हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 'पारी' या ग्रामीण भारताच्या दस्तऐवजीकरणाला वाहिलेल्या संस्थेसोबत त्यांनी एक पुरस्कार सुरू केला आणि त्याचे पहिले मानकरी ठरले तामिळनाडूचे एम. पळनी कुमार. मासे विकणाऱ्या आईचा हा मुलगा. गटारांत उतरणाऱ्या सफाई कामगारांचे त्याने केलेले चित्रण प्रसिद्ध आहे आणि अशा घरांतल्या मुलांना तो कॅमेरा शिकवतो. इथे काढणारा आणि काढून घेणारा यांच्यातले अंतर फार कमी झालेले आहे. पुढच्या काळातले भारतीय छायाचित्रण कसे असेल, हे अशा मुलांच्या हाती बरेचसे आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण छायाचित्रकार नाहीत, पण खिशात कॅमेरा सगळ्यांच्याच आहे. दर आषाढात वृत्तपत्रांत आणि मोबाइलवर वारीतल्या एखाद्या वृद्धेचा फोटो येतो. सुरकुतलेला चेहरा, डोक्यावर तुळस, मिटलेले डोळे. खाली भक्तीविषयी एखादी ओळ असते. छायाचित्रकाराचे नाव असते, बाईंचे नसते. त्या कोणत्या गावच्या, कितव्यांदा निघाल्या, त्यांना हा फोटो कोणी दाखवला का, हे कळत नाही. चित्र सुंदर असते म्हणून आपण ते पुढे पाठवतो.

हा सगळा अभ्यास केल्यावर फोटो बघण्याची माझी रीत थोडी बदलली आहे. पूर्वी मी प्रकाश, रचना, क्षण पाहत असे, आताही पाहतो. पण त्याआधी खालची ओळ वाचतो आणि नावे मोजतो. फोटो काढला गेला की काढून घेतला गेला, आणि काढून घेतला असेल तर दोनपैकी कोणत्या अर्थाने, याचे उत्तर पुष्कळदा तिथेच मिळते. जिथे मिळत नाही, तिथे निदान प्रश्न तरी उभा राहतो. पुढच्या वारीत एखाद्या बाईंकडे मोबाइल रोखण्याआधी त्यांचे नाव आणि गाव विचारले, आणि काढलेला फोटो त्यांना दाखवला, तर त्याला कलेचे शिक्षण लागत नाही. त्या कदाचित नको म्हणतील. कदाचित पदर सारखा करतील, शेजारणीला बोलावतील आणि मग दोघी मिळून उभ्या राहतील.